आलो, गेलो

आमच्या घरात ‘वीज गेली’ म्हणायला बंदी होती. ही बंदी सासूबाईंची. त्यांचं म्हणणं, ‘गेली’ हा शब्द माणूस मेल्यावर वापरायचा. आपण बाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. दिवा विझवला म्हणत नाही, मालवला म्हणतो. मग घरात रोज उठून ‘गेली, गेली’ असा गजर कशाला? तेव्हा पंखा थांबला की आम्ही म्हणायचं, ‘वीज येते म्हणाली’.

हा नियम दुसऱ्या कुठल्या गावात चालून गेला असता. कलकत्त्यात सत्तरनंतरच्या त्या वर्षांत वीज इतक्या वेळा ‘येते’ म्हणायची, की शेवटी ती खरोखर येते आहे की येते म्हणते आहे, हेच कळेनासं झालं. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, “येते म्हणाली!” आणि हे बाहेरच्या खोलीत खुश होऊन पंख्याचं बटण दाबायला धावायचे.

आमचे हे बंदराच्या विजेच्या खात्यात अधिकारी होते. खिदिरपूरच्या गोदीतल्या क्रेन चालत्या ठेवायच्या, हे त्यांचं काम. राहायला क्वार्टर होतं, तिसऱ्या मजल्यावर. वर मोकळी गच्ची आणि गच्चीवरून जहाजांच्या डोलकाठ्या दिसायच्या. शेजारीपाजारी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, “दादा, वीज कधी येणार?” जणू हे ती खिशात घालून फिरत होते. हे आधी नीट समजावून सांगत, की वीज पुरवणारे वेगळे, आम्ही वेगळे, आम्हीही विकतच घेतो. नंतर नंतर नुसतं “येईल” म्हणायला लागले. मी म्हणायची, “घरात सोनार आणि बायको बोडक्या गळ्याची, तशी आपली गत.” ते म्हणायचे, “तू चौथीपर्यंत शिकलीस तेच बरं झालं. पुढे शिकली असतीस तर मला घरात राहता आलं नसतं.”

सासरे वारल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. ह्यांना त्याचं फार होतं. थोरला मुलगा असून इतकी वर्षं लांब राहिलो, आता आईला शेवटपर्यंत आपल्याकडेच ठेवायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. धाकटे दीर नागपूरजवळ एका कारखान्याच्या कॉलनीत राहायचे. कारखाना स्वतःची वीज स्वतः करायचा, त्यामुळे तिथे पंखे कधी थांबत नसत. हे सासूबाईंनी कलकत्त्यात पाय ठेवल्याच्या दुसऱ्या दुपारी, घामानं निथळत, आम्हाला सांगितलं.

“मी काही मागत नाही,” त्या म्हणाल्या. “मला दागिने नकोत, यात्रा नको. फक्त डोक्यावरचा पंखा फिरता पाहिजे. पावसाळा लागेपर्यंत बघते. नाहीतर धाकट्याकडे सोड मला.”

 ह्यांचा चेहरा पडला तो पडलाच. सासूबाई राहाव्यात म्हणून मी नवस बोलले होते असं मी सांगणार नाही. दोघींना एक चूल म्हणजे काय, हे ज्या बाईला माहीत आहे तिला समजेल. पण आई धाकट्याकडे गेली की नवरा पुढे वर्षभर तोंड पाडून बसणार, हेही मला दिसत होतं. पडलेल्या तोंडाच्या नवऱ्याला दोन वेळा जेवायला वाढण्यापेक्षा सासू परवडली.

सासूबाईंना बंगाली येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. येऊन दहाबारा दिवस झाले असतील. संध्याकाळी वीज थांबली, तेव्हा त्या गॅलरीत होत्या. खालच्या मजल्यावरचा बंगाली बाबू नुकताच कचेरीतून येऊन पेपर उघडून बसलेला असायचा. तो वैतागून ओरडला, “आलो गेलो!”

सासूबाई आत आल्या. “खालचा तो मराठी आहे का गं?”

“नाही हो, बंगाली आहे.”

“मग ‘आलो, गेलो’ असं स्वच्छ मराठीत काय ओरडतोय? काल पण ओरडला. मेला येतो काय, लगेच जातो काय, आणि सगळ्या चाळीला सांगतो काय. बायको कशी नांदते कोण जाणे.”

मी हसत बसले. ह्यांनी समजावलं, “आई, बंगालीत ‘आलो’ म्हणजे उजेड. उजेड गेला, असं म्हणतोय तो.”

सासूबाईंनी थोडा विचार केला. “म्हणजे इथे उजेडाचं नावच ‘आलो’,” त्या म्हणाल्या, “आणि त्याच्या पाठोपाठ ‘गेलो’. मग तू कसला विजेचा साहेब? त्या भाषेतच लिहून ठेवलंय ते.”

ह्यांना ते लागलं असावं. कारण पुढच्याच रविवारी गच्चीवर ठोकाठोक सुरू झाली.

तेलाचं रिकामं पिंप आणून उभं चिरलं, त्याचे दोन पन्हाळे केले. ते एकमेकांकडे पाठ करून एका उभ्या दांड्याला जोडले. खाली सायकलचं चाक, सायकलची साखळी, आणि मोटारीचा जुना डायनॅमो. वारा आला की पिंप गरगर फिरणार, पिंप फिरलं की डायनॅमो फिरणार, त्यातून मोटारीची बॅटरी भरणार आणि बॅटरीवर टॅक्सीवाले लावतात तसला छोटा पंखा चालणार. खालून वरपर्यंत सगळं भंगारातलं. ह्यांचा सदरा ग्रीसनं माखला, तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे, कारण तो धुवावा मला लागला.

सासूबाईंना वर नेऊन दाखवलं. त्यांनी चारी बाजूंनी पाहिलं.

“हे कशावर चालतं?”

“वाऱ्यावर.”

“म्हणजे वारा सुटला की पंखा फिरणार?”

“हो.”

“अरे, वारा सुटला तर मी खिडकी उघडीन. पंखा मला वारा पडल्यावर लागतो. आणि वारा पडला की तुझं हे पिंपही पडणार. मला वाऱ्यावर सोडलंस म्हणायचं ते हेच का?”

“म्हणून तर बॅटरी आहे, आई. वारा असेल तेव्हा वीज साठवायची, नसेल तेव्हा वापरायची.”

“लोणच्यासारखं?”

“अगदी लोणच्यासारखं.”

“मग बरणी बरीच लहान आहे तुझी,” त्या बॅटरीकडे बघून म्हणाल्या.

आता नातवाच्या सोसायटीच्या गच्चीवर काळ्या काचा लावल्यात, उन्हातून वीज करणाऱ्या. परवा भर दुपारी वीज थांबली तर लिफ्टही थांबली. मी म्हटलं, “अरे, वर ऊन आहे ना? काचा आहेत ना?” तर म्हणाला, “आजी, बाहेरच्या तारेतली वीज बंद झाली की त्या काचाही आपोआप बंद होतात. बॅटरी बसवलेली नाही, ती महाग पडते.” म्हणजे मधे इतकी वर्षं गेली, माणसं कुठल्या कुठे पोचली, आणि गाडं अजून बरणीपाशीच अडलंय.

ह्यांना मात्र पुढचं सगळं लख्ख दिसायचं. जेवताना सांगत, की एक दिवस सगळ्या देशाच्या तारा एकमेकींना जोडतील. समुद्रावरचा वारा, वाळवंटातलं ऊन, डोंगरातलं पाणी, सगळ्यांची वीज एकाच जाळ्यात. इकडे कमी पडली की तिकडून येईल.

“आणि तिकडे कमी पडली की?” सासूबाईंनी विचारलं.

“इकडून जाईल.”

“दोन्हीकडे कमी पडली की?”

हे आमटीत भात कालवत राहिले. मी म्हटलं, “आई, त्यांना जेवू द्या. देशाचं नंतर बघू.”

पिंप फिरायचं, नाही असं नाही. गोदीकडून वारा आला की खडखडत फिरायचं. पण डायनॅमोला जितका वेग लागतो तितका ते काही घेईना. हे साखळी बदलत, चाक बदलत, बॅटरीला मीटरचा काटा लावून बघत आणि तसेच खाली येत. मग वैशाखातलं वादळ आलं. तिकडे संध्याकाळी आकाश काळंनिळं होऊन असा वारा सुटतो की दारं चौकटीतून निघतात की काय असं वाटावं. पिंपानं आगगाडीसारखा आवाज काढला. हवा होता तेवढा वारा एकदाचा आला होता, आणि हे दोरखंड घेऊन ते यंत्र बांधून ठेवायला गच्चीवर धावले. उडून कुणाच्या डोक्यात पडलं तर काय घ्या. ओलेचिंब होऊन आले. मी टॉवेल दिला.  बोलण्यासारखं फार होतं, पण आधी सदरा पिळायला घेतला.

त्या यंत्राचा एक उपयोग मात्र झाला. त्याच्या खडखडाटानं गच्चीवर कावळा फिरकेना. सासूबाईंनी लगेच सांडगे घातले. दुसऱ्या दिवशी खालच्या बाबूची आई, तिला सगळे ठाकुमा, म्हणजे आजी, म्हणत, ती सुपात वाटलेली डाळ घेऊन वर आली. पांढरी बिनकाठाची साडी, तोंडात पान, पाठीला बाक. तिनं आमच्या सांडग्यांशेजारी आपलं फडकं पसरलं आणि तसेच, पण नाकाला टोक काढल्यासारखे, सांडगे घालायला लागली. सासूबाईंनी तिचे बघितले, तिनं सासूबाईंचे. दोघींनी एकमेकींच्या डाळीची चिमूट चाखली. दोघींनी तोंड वाकडं केलं. तिथून मैत्री झाली.

पहिल्या दिवशी निघताना ठाकुमा सूप उचलून म्हणाली, “आशी, दिदी,” आणि जिना उतरून गेली. सासूबाई खाली येऊन मला म्हणाल्या, “ती बाई चांगली आहे, पण जरा विचित्र आहे. जाताना ‘अशी’ म्हणाली. मी म्हटलं, अशी म्हणजे कशी? तर हसली आणि गेली.”

मी म्हटलं, “आई, त्यांच्यात निघताना ‘आशी’ म्हणतात. आशी म्हणजे येते.”

सासूबाई खाली बसल्या. “म्हणजे तिच्यातही ‘जाते’ म्हणत नाहीत?”

“नाही.”

“आणि हे तू मला आज सांगतेस.”

त्या दिवसापासून वीज थांबली की सासूबाई चटई काखेत मारून गच्चीवर. खालून ठाकुमा यायची, हातपंखा घेऊन. एक मराठीत बोलायची, एक बंगालीत. मी जिन्यात उभी राहून ऐकलं आहे. एकीचं वाक्य संपलं की दुसरी मान हलवायची आणि आपलं सुरू करायची. बहुतेक सगळं सुनांबद्दल होतं, त्याला भाषा लागत नाही. एका एकादशीला सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी वर नेली. दाण्याचं कूट, बटाटा, मिरची, वर तूप. ठाकुमाच्या उपासात पाण्यात भिजवलेला साबुदाणा आणि केळं, बाकी काही नाही. तिनं वाटीत डोकावून विचारलं, “एटा उपोश?”

“काय म्हणते?” सासूबाईंनी मला विचारलं.

“हा उपास आहे का, असं विचारतात.”

“सांग तिला, आमच्या देवाला उपाशी माणूस आवडत नाही.”

ठाकुमानं खिचडीला हात लावला नाही. मात्र पुढच्या एकादशीला ती खिचडीच्या वेळेला बरोबर वर आली, आणि वासापुरती जवळ बसली.

इकडे ह्यांनी हार मानलेली नव्हती. एक दिवस कचेरीतून लवकर आले आणि मला म्हणाले, “जमलं.” संध्याकाळी वीज थांबल्यावर त्यांनी सासूबाईंना जिन्यातून परत बोलावलं, खोलीत खुर्चीत बसवलं आणि समोरच्या स्टुलावरचा तो छोटा पंखा सुरू केला. भर्रकन फिरला. चांगला वारा आला, खोटं कशाला बोलू.

“वाऱ्यावर?” सासूबाईंनी विचारलं.

“वाऱ्यावर,” हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मी त्याच दुपारी गॅलरीतून पाहिलं होतं, हातरिक्षातून बॅटरी येताना. कोपऱ्यावरच्या मोटार दुरुस्तीवाल्यानं ती विजेवर भरून दिली होती. पुढेही दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बॅटरी रिक्षात बसून जायची आणि रिक्षात बसून यायची. मी कधी त्या रिक्षात बसले नाही, इतकी ती मानानं फिरली.

आता रोज संध्याकाळी वीज थांबली की हे आईला खुर्चीत बसवत, पंखा लावत आणि त्याचा स्क्रू पिळता पिळता विचारत, “बरं वाटतंय ना?” सासूबाई म्हणत, “वाटतंय.” वर गच्चीवर ठाकुमाच्या चपलांचा आवाज यायचा. सासूबाईंची नजर छताकडे जायची. एकदा त्या उठायला लागल्या तर हे म्हणाले, “बस, आई, बाहेर उकडतंय.” त्या बसल्या. मुलानं इतकं केलं, त्याला नाही कसं म्हणायचं? माणूस बाकी कशातूनही सुटेल, पण दुसऱ्यानं आपल्यासाठी केलेल्या सोयीतून सुटणं फार अवघड.

हे मला खुशीत म्हणाले, “आता आई नागपूरचं नाव काढणार नाही.”

आषाढ लागला आणि सासूबाईंनी आपली पत्र्याची पेटी ओढत बाहेर काढली. स्वयंपाकघराच्या दारातच ठेवली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. लुगडी घड्या करून आत घालायला लागल्या.

हे कामावरून आले तेव्हा पेटी आडवी आली. “हे काय?”

“मी म्हटलं होतं, पावसाळा लागेपर्यंत बघते. बघितलं. आता धाकट्याकडे सोड.”

“पण पंखा चालतोय ना?”

“चालतोय.”

“मग?”

“चालतोय ना,” सासूबाई म्हणाल्या, आणि लुगड्याची घडी मोडून पुन्हा घातली. “पंख्यापुढेच बसायचं तर नागपूरचा मोठा आहे.”

हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी चहा घेऊन गेले. म्हणाले, “काय कमी पडलं सांग. दुसरी बॅटरी आणू? मोठा पंखा बसवू?”

मी म्हटलं, “अहो, तुम्ही तुमच्या आईला अंधारात घरी कोंडून ठेवलंत. वीज असते तेव्हा ह्या बिल्डिंगमध्ये कोण कुणाकडे जातं? सगळे आपापल्या दिव्याखाली. ती थांबली की माणसं वर येतात. तेवढी एक वेळ होती त्यांची, तीही तुम्ही पंखा लावून घालवलीत.”

त्यांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. मग म्हणाले, “पण वाऱ्यावर पंखा चालवला, हे तिला आवडलं होतं.”

“बॅटरी रिक्षातून येते.”

“तुला माहीत आहे?”

“मला माहीत आहे, रिक्षावाल्याला माहीत आहे. आणि तुमच्या आई परवा मला म्हणाल्या, माझा मुलगा विजेचा साहेब, पण वीज सवारीनं आणतो.”

ह्यांना हसू आलं. आपल्यावरचा विनोद चांगला असेल तर हसतात, हा त्यांचा गुण मी मान्य करते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज थांबली. खालच्या बाबूनं आपलं ते ओरडून घेतलं. सासूबाई शहाण्यासारख्या खुर्चीत जाऊन बसल्या. हेही आले, स्टुलाशी उभे राहिले, पण बटण दाबलं नाही.

“काय रे?”

“पंखा बिघडलाय, आई.”

“काय बिघडलं?”

“बेअरिंग.”

“असं,” सासूबाई म्हणाल्या. “होईल का दुरुस्त?”

“कठीण दिसतंय.”

“घाई नको करूस,” त्या उठत म्हणाल्या. “अशी कामं घाईनं करू नयेत. बिघडतात आणखी.”

चटई काखेत घेतली आणि वर गेल्या. ह्यांनी बॅटरीची तार काढून ठेवली. मग तेही वर गेले. इतक्या दिवसांत वीज नसताना ह्यांना नुसतं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. नेहमी काही ना काही पिळत, जोडत, काटा लावून बघत असायचे. त्या दिवशी चटईच्या कडेला बसले. ठाकुमानं त्यांना काहीतरी विचारलं. ते बंगालीत म्हणाले, येईल. ठाकुमा म्हणाली, नाही आली तरी चालेल, तुझ्या आईची गोष्ट अजून अर्धी आहे. कुठली गोष्ट, ते मी विचारलं नाही. माझीच असणार.

पेटीचं नाव पुढे कुणी काढलं नाही. नागपूरला काय कळवायचं, हेही कुणी बोललं नाही. पेटी मात्र तिथेच, स्वयंपाकघराच्या दारात. येताजाता माझ्या नडगीला लागायची. पंधरवडाभर मी सोसलं. ह्या घरात सगळे एकमेकांना न दुखवता बसले असते आणि माझा पाय मोडला असता. एका सकाळी मी पदर खोचला आणि पेटी ढकलत ढकलत सासूबाईंच्या खाटेखाली नेऊन सारली.

त्या जपमाळ घेऊन खाटेवर बसल्या होत्या. खाली वाकून त्यांनी पेटी कुठवर गेली ते पाहिलं.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “पेटीत डांबराच्या गोळ्या टाकल्यास का? इतके दिवस लुगडी बंद राहायची म्हणजे कसर लागेल.”

मी पेटी पुन्हा बाहेर ओढली आणि गोळ्या टाकल्या.